घरचा संगणक पूर्वपदावर कसा येतो?

सायंकाळचे सहा वाजले होते. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी संगणकावर विषाणूंपासून रक्षण करणारा एक नवा प्रोग्राम बसवण्यात आला. काम पुरे होताच, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, अशी सूचना पडद्यावर उमटली. परंतु मुलीला विज्ञानाच्या प्रकल्पाचा अहवाल लिहावयाचा होता. तिने ती सूचना तूर्त बाजूस सारली, सातपासून दहापर्यंत बसून अहवालाची अकरा पाने लिहून काढली, ती जतन केली आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ दाबताच पडद्यावर त्रुटीची चार ओळींची सूचना दिसली आणि यंत्र आपण होऊन बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. पुन्हा तीच सूचना, पुन्हा तोच प्रकार.

शेजारच्या एका हौशी तरुणास बोलावण्यात आले. त्याने यंत्र पाहिले व म्हटले, "सगळे पुसून टाकू आणि विंडोज नव्याने घालू. दोन तासांचे काम आहे." वडिलांना ते पटले. मुलीने मात्र विचारले, "आणि दादा, माझा अहवाल?"

तरुण थबकला. "मग त्याला कालच्या स्थितीवर नेऊन पाहू," तो म्हणाला. "पण संगणक काल सहाच्या आधी गेला, तर सातनंतर लिहिलेले त्यात राहील का, हे मला नक्की सांगता येणार नाही."

तरुणाने प्रांजळपणे व्यक्त केलेली ही शंका रास्त आहे. संगणक पूर्वस्थितीवर नेणे म्हणजे नेमके काय, त्यात काय मागे जाते आणि काय जागच्या जागी राहते, हे समजल्यावाचून तिचे निरसन होणार नाही. ते समजून घेणे अवघडही नाही.

संगणकाची स्थिती म्हणजे काय?

संगणकास दोन प्रकारची स्मृती असते. पहिली तात्कालिक. तिला रॅम म्हणतात. चालू असलेले काम तिच्यात मांडलेले असते आणि वीज बंद होताच ती कोरी होते. दुसरी स्मृती टिकाऊ असून ती डिस्कवर असते. वीज असो वा नसो, डिस्कवर लिहिलेले तसेच राहते.

एखादा संगणक मध्येच अडखळला, तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि बहुधा तो लागूही पडतो. त्यात जादू काही नाही. तात्कालिक स्मृतीत झालेला गोंधळ वीज जाताच पुसला जातो आणि यंत्र डिस्कवरील मजकुराच्या आधारे आपली मांडणी नव्याने करते. पूर्वस्थितीवर येण्याचा हा सर्वांत सोपा प्रकार होय. परंतु दोष जर डिस्कवरच उतरलेला असेल, तर दर वेळी नवी मांडणी त्याच सदोष मजकुरावरून होणार आणि यंत्र दर वेळी त्याच ठिकाणी अडणार. मुलीच्या संगणकाचे नेमके हेच झाले होते.

डिस्कवर जे असते, त्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे यंत्राच्या सर्व भागांकडून काम करवून घेणाऱ्या संचालन-प्रणालीचा. निरनिराळ्या उपकरणांशी बोलणारे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रामही याच भागात येतात. विंडोज या संचालन-प्रणालीत रजिस्ट्री नावाची एक मोठी नोंदवही असते. कोणते प्रोग्राम बसवलेले आहेत, यंत्र सुरू होताना कोणता ड्रायव्हर केव्हा जागा करावयाचा, अशा असंख्य नोंदी तिच्यात असतात. दुसरा भाग वापरणाऱ्याने बसवलेल्या प्रोग्रामांचा. तिसरा भाग त्याच्या स्वतःच्या मजकुराचा, म्हणजे लेख, पत्रे, हिशेब व छायाचित्रे यांचा.

साध्या प्रोग्रामात चूक निघाली, तर तो एकटा बंद पडतो. विषाणूरोधक प्रोग्रामाचे तसे नाही. सर्वांवर देखरेख ठेवता यावी म्हणून त्याचा काही भाग संचालन-प्रणालीच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हरच्या रूपाने बसतो. तेथे चूक झाली, तर पुढे चालत राहिल्याने डिस्कवरील मजकुराचाच नाश होण्याचा संभव असतो. म्हणून संचालन-प्रणाली अशा वेळी सर्व काम थांबवते. पडद्यावरील त्रुटीची सूचना ही या थांबण्याची खूण होय. रात्री दहापर्यंत सारे सुरळीत चालले, याचे कारणही आता उघड आहे. नवा ड्रायव्हर बसवला सहा वाजता, पण तो जागा व्हावयाचा होता पुढच्या प्रारंभाच्या वेळी.

उलट्या वाटेने का जाता येत नाही?

एखाद्यास वाटेल की, संगणकाने सहा वाजता जे केले, ते त्याने उलट क्रमाने करावे म्हणजे झाले. पण हे सहसा शक्य नसते. सात आणि पाच यांची बेरीज बारा होते. आता नुसत्या बारावरून मूळ आकडे कोणते होते, हे कोणी सांगू शकेल काय? ते आठ आणि चार असतील, दहा आणि दोनही असतील. डिस्कवर लिहिण्याचे असेच आहे. एका जागी जुना मजकूर होता, त्यावर नवा लिहिला गेला. नव्या मजकुराकडे कितीही निरखून पाहिले, तरी त्यातून जुना मजकूर काढता येत नाही.

तेव्हा मागे जाण्याचा मार्ग एकच उरतो. जे पुसले जाणार आहे, ते पुसण्यापूर्वी कोठेतरी उतरवून ठेवले पाहिजे. व्यापाऱ्याला गेल्या दिवाळीची शिल्लक सांगता येते, ती त्याची रोजकीर्द शाबूत असते म्हणून. बदल झाल्यानंतर कितीही हुशारी केली, तरी तिचा उपयोग नाही. नोंद आधी हवी.

ही नोंद ठेवण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत करणे. परंतु ५०० गिगाबाइटच्या डिस्कची एक प्रत ठेवावयाची, तर आणखी ५०० गिगाबाइट जागा लागते. सोमवारची, बुधवारची आणि शुक्रवारची अशा तीन प्रती ठेवावयाच्या, तर १,५०० गिगाबाइट. घरच्या संगणकात हे परवडत नाही. यावर संगणकशास्त्रज्ञांनी जी युक्ती योजली, ती शाळेतील फळ्याच्या उदाहरणाने चांगली समजते.

फळा आणि वही

वर्गातील फळा चौकोनांत आखला आहे आणि तो लिखाणाने भरलेला आहे, अशी कल्पना करू. सोमवारी सकाळी गुरुजी वर्गनायकास सांगतात, "आज फळा जसा आहे, तसा पुढे केव्हाही पाहता आला पाहिजे." वर्गनायक शहाणा आहे. तो संपूर्ण फळा उतरवून घेत बसत नाही. तो वहीवर सोमवारची तारीख तेवढी घालतो आणि स्वस्थ बसतो. गुरुजी एखादा चौकोन पुसू लागले की, "क्षणभर थांबा," असे म्हणून तो त्या चौकोनातील मजकूर त्याच्या क्रमांकासह वहीत उतरवून घेतो आणि मग पुसू देतो. तोच चौकोन दुपारी पुन्हा पुसला गेला, तर त्याला काहीच करावे लागत नाही. कारण त्याची सोमवार सकाळची प्रत वहीत आधीच आलेली आहे.

आता सोमवारचा फळा पुन्हा पाहावयाचा असेल, तर काय करावे? जे चौकोन वहीत आहेत, ते वहीतून घ्यावेत. जे वहीत नाहीत, ते बदललेलेच नाहीत. ते सरळ फळ्यावरून घ्यावेत. दोन्ही मिळून सोमवार सकाळचा संपूर्ण फळा तयार होतो.

बुधवारी गुरुजींनी तशीच आज्ञा पुन्हा केली, तर वर्गनायक दुसरी वही उघडतो आणि पहिली मिटून ठेवतो. त्यानंतर सोमवारचा फळा हवा असल्यास आधी सोमवारची वही पाहावयाची, तीत नसेल तर बुधवारची आणि तीतही नसेल तर फळा. वह्यांचा खण भरला म्हणजे सर्वांत जुनी वही टाकून देता येते. तिच्याबरोबर सोमवार हातचा जातो, पण बुधवारच्या वहीस धक्का लागत नाही.

विंडोजमध्ये हे काम करणाऱ्या सोयीस शॅडो कॉपी असे नाव आहे. तीत डिस्क १६ किलोबाइटच्या चौकोनांत विभागलेली असते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर असे सुमारे ३ कोटी चौकोन होतात. एखादा मोठा प्रोग्राम बसवताना त्यांपैकी २ लाख चौकोन बदलले, असे धरले, तरी वहीत जाणारा मजकूर केवळ ३.२ गिगाबाइट भरतो. ५०० गिगाबाइटच्या जागी ३.२ गिगाबाइट, हा या युक्तीचा लाभ होय. गुरुजींनी ज्या क्षणी आज्ञा केली, तो क्षण म्हणजे रिस्टोअर पॉइंट, अर्थात पुनःस्थापनाचा बिंदू. असा बिंदू निर्माण करण्यास फार वेळ लागत नाही तो यामुळेच. त्या क्षणी बव्हंशी तारीखच घालावयाची असते.

ही सोय घरोघरी कशी आली?

आजच्या स्वरूपात ही सोय एकदम आली नाही. विंडोज ९५ ही प्रणाली १९९५ साली निघाली. तीत रजिस्ट्रीची एक जादा प्रत ठेवलेली असे. १९९८ सालच्या विंडोज ९८ मध्ये अशा पाच प्रती ठेवण्याची व्यवस्था झाली. यंत्र दररोज एकदा रजिस्ट्री तपासून पाही व ती निर्दोष आढळल्यास तिची प्रत बाजूस ठेवी. परंतु परत येई ती केवळ नोंदवही आणि तिच्या सोबतच्या मोजक्या फाइली. बदललेले किंवा नष्ट झालेले ड्रायव्हर तिच्याबरोबर येत नसत.

कार्यालयांसाठी असलेल्या विंडोज एनटी या प्रणालीत त्याच दशकात निराळी रीत होती. ज्या मांडणीनिशी यंत्र शेवटचे नीट सुरू झाले, ती मांडणी आठवणीत ठेवावयाची आणि अडचण आल्यास तिच्याकडे परतावयाचे. येथे एक मार्मिक प्रश्न उभा राहतो. यंत्र नीट सुरू झाले, हे ठरवावयाचे कोणी? एनटीने त्यासाठी एक नियम केला. मनुष्य आपले नाव व परवलीचा शब्द देऊन आत शिरू शकला, की यंत्र नीट सुरू झाले असे समजावयाचे. नियम सोयीचा होता, पण त्यात एक फट होती. दोष जर आत शिरल्यानंतर पाच मिनिटांनी प्रकट होणारा असेल, तर तोवर सदोष मांडणीचीच नोंद चांगली म्हणून झालेली असे आणि जुनी चांगली मांडणी तिच्याखाली झाकली जाई.

चांगले काय हे यंत्रास ठरवू देण्याऐवजी मनुष्यास तारखा देऊन निवड त्याच्यावर सोपवावी, हा विचार पुढे आला. सप्टेंबर २००० मध्ये निघालेल्या विंडोज मी या घरगुती प्रणालीत सिस्टिम रिस्टोअर प्रथम दिसले. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये ते सर्वपरिचित झाले. त्या वेळची रीत अशी होती की, ठराविक प्रकारच्या फाइलींवर पाळत ठेवावयाची आणि त्यांपैकी एखादी बदलू लागली की तिची मूळ प्रत एका गुप्त जागी ठेवावयाची. सर्वसामान्य ग्राहकांना २००७ च्या जानेवारीत मिळालेल्या विंडोज व्हिस्टापासून ही रीत बदलली आणि वर वर्णिलेली चौकोनांची युक्ती तिच्या जागी आली.

बिंदू केव्हा निर्माण होतो, हेही पाहण्यासारखे आहे. नवा प्रोग्राम बसवण्यापूर्वी, संचालन-प्रणालीत सुधारणा होण्यापूर्वी, म्हणजे जोखमीचे पाऊल टाकण्याच्या आधी, तो सहसा आपोआप निर्माण होतो. वापरणाऱ्यासही तो हवा तेव्हा निर्माण करता येतो. असे बिंदू कायम राहत नाहीत. एक्सपीमध्ये ९० दिवस झालेला बिंदू काढून टाकला जाई. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत जून २०२५ च्या सुधारणेपासून ही मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची आहे. ठरवून दिलेली जागा भरली, तर मुदतीपूर्वीही जुना बिंदू जातो.

काय मागे जाते, काय राहते?

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शॅडो कॉपीच्या वहीत डिस्कवरील सर्व प्रकारचे चौकोन उतरवलेले असतात. अहवालाचे चौकोनही त्यात येतात. परंतु सिस्टिम रिस्टोअर चालवताना ते सर्व चौकोन मागे फिरवले जात नाहीत. यंत्र निवड करते. संचालन-प्रणालीच्या फाइली, ड्रायव्हर, रजिस्ट्री आणि बसवलेले प्रोग्राम एवढेच ते त्या बिंदूच्या स्थितीवर नेते. मनुष्याने लिहिलेले लेख, पत्रे व छायाचित्रे यांना ते हात लावत नाही. काल सायंकाळी सहाच्या आधीचा बिंदू निवडला, तरी रात्री दहा वाजता जतन केलेला अहवाल आपल्या जागी राहतो.

ही निवड योजनापूर्वक केलेली आहे. यंत्राची मांडणी पुन्हा करता येते, मनुष्याचे लिखाण पुन्हा जसेच्या तसे होत नाही. म्हणून यंत्राचा भाग मागे न्यावयाचा आणि मनुष्याचा भाग पुढेच राहू द्यावयाचा, असे तत्त्व ठरले. सिस्टिम रिस्टोअरने संगणक भूतकाळात जातो, असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने पूर्णपणे खरे नाही. घराची मोडलेली वायरिंग काढून तेथे जुनी, चालणारी वायरिंग पुन्हा घालावी, आणि घरातील माणसे व त्यांचे सामान जागच्या जागी राहावे, तसा हा प्रकार आहे.

परंतु याच तत्त्वाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. जी सोय मनुष्याच्या मजकुरास हात लावत नाही, ती त्याचे रक्षणही करीत नाही. चुकून पुसलेले छायाचित्र सिस्टिम रिस्टोअरने परत येत नाही. तसेच बिंदूनंतर बसवलेले प्रोग्राम जातात व ते पुन्हा बसवावे लागतात. कोणकोणते प्रोग्राम जातील याची यादी पाहण्याची सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आहे. बटण दाबण्यापूर्वी ती यादी अवश्य पाहावी.

सिस्टिम रिस्टोअर आणि 'रीसेट' यांत गल्लत करणे मात्र महागात पडते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संचालन-प्रणाली नव्याने घालण्याची सोय यंत्रातच असते. सध्याच्या आवृत्त्यांत ती दोन प्रकारे वापरता येते. एका प्रकारात स्वतःच्या फाइली राहतात, पण बाहेरून बसवलेले सर्व प्रोग्राम जातात. दुसऱ्या प्रकारात सर्वच जाते. शेजारच्या तरुणाने प्रथम सुचवलेला उपाय या दुसऱ्या प्रकारातला होता. यंत्र त्यानेही सुरू झाले असते. अहवाल मात्र राहिला नसता.

एका सकाळची गोष्ट

मुलीच्या संगणकाचे जे झाले, तेच एकदा जगभर झाले होते. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रामासाठी माहितीची एक नवी फाइल जगभरच्या विंडोज संगणकांना पाठवली. तीत दोष होता. हा प्रोग्रामही संचालन-प्रणालीच्या गाभ्यात बसणारा असल्यामुळे संगणक एकामागून एक थांबले आणि पुन्हा सुरू होताना पुन्हा थांबू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे सुमारे ८५ लाख संगणक होते. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांची कामे अडली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

कंपनीने ७८ मिनिटांत, म्हणजे १० वाजून ५७ मिनिटांनी, ती फाइल मागे घेतली. केंद्रस्थान अशा रीतीने पूर्वपदावर आले. पण जे संगणक कोसळले होते, त्यांपर्यंत ही दुरुस्ती सहजी पोहोचेना. नवी फाइल घेण्यासाठी यंत्र सुरू व्हावयास हवे, आणि ते तर सुरूच होत नव्हते. काही यंत्रे अनेकदा बंद-चालू केल्यावर सावरली. पुष्कळ ठिकाणी मात्र कोणा मनुष्यास प्रत्येक यंत्रापाशी बसून, ते कमीत कमी ड्रायव्हरनिशी चालणाऱ्या सेफ मोडमध्ये सुरू करून, ती एक फाइल हाताने पुसावी लागली.

हा प्रोग्राम मुख्यतः संस्थांना विकला जात असल्यामुळे घरगुती संगणक त्यातून बहुतांशी वाचले. पण त्या दिवसाचा धडा घरासही लागू आहे. यंत्र सुरू होत नसेल, तर बाहेरून आलेली मदत त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. मागे येण्याचे साधन यंत्रापाशीच आणि दोष येण्यापूर्वीच तयार असले पाहिजे.

जेथे हा उपाय चालत नाही

सिस्टिम रिस्टोअरच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वर्गनायकाची वही त्याच वर्गात असते. वर्गास आग लागली, तर फळ्याबरोबर वहीही जाते. शॅडो कॉपी सामान्यतः ज्या डिस्कची, त्याच डिस्कवर ठेवलेली असते. डिस्कच निकामी झाली, तर बिंदूही तिच्याबरोबर जातात.

दुसरी मर्यादा दुष्ट प्रोग्रामांची. एक्सपीच्या काळात काही विषाणू त्या गुप्त जागेतील प्रतींतही जाऊन बसत आणि यंत्र मागे नेले की त्यांच्यासह परत येत. पुढे खंडणीखोर प्रोग्रामांनी निराळा मार्ग धरला. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा प्रोग्राम वापरणाऱ्याच्या फाइली कुलूपबंद करी, आणि त्याबरोबर शॅडो कॉपी पुसून टाकण्याची आज्ञाही देई. मागे येण्याची वाट कोणती, हे चोरालाही ठाऊक असते.

म्हणून मनुष्याच्या मजकुराची स्वतंत्र प्रत निराळ्या डिस्कवर असावी आणि काम संपल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ॲपलच्या संगणकांवर २००७ साली आलेली टाइम मशीन ही सोय वेगळी डिस्क जोडून वापरावयाची आहे. ती गेल्या चोवीस तासांच्या प्रत्येक तासाची, गेल्या महिन्याच्या प्रत्येक दिवसाची आणि त्यापूर्वीच्या प्रत्येक आठवड्याची प्रत ठेवते व डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत काढून टाकते. तीत दस्तऐवजांचाही समावेश असतो. विंडोज वापरणाऱ्यानेही असे काही साधन जवळ ठेवणे इष्ट होय. सिस्टिम रिस्टोअर यंत्रासाठी आणि वेगळी प्रत आपल्या लिखाणासाठी, असा विभाग मनात स्पष्ट असला म्हणजे ऐन वेळी घोटाळा होत नाही.

आधी करावयाच्या चार गोष्टी

विंडोज १० व ११ असलेल्या पुष्कळ संगणकांत सिस्टिम रिस्टोअर मुळात बंद असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पहिले काम ते चालू आहे की नाही हे पाहण्याचे. शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असे लिहिले, की 'सिस्टिम प्रोटेक्शन' हे पान उघडते. तेथे ते चालू करता येते व त्यासाठी किती जागा द्यावयाची हेही ठरवता येते.

दुसरे काम, कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी त्याच पानावरून आपल्या हाताने एक बिंदू निर्माण करण्याचे. त्यास ओळखता येईल असे नाव द्यावे.

तिसरे काम बिटलॉकरच्या किल्लीचे. पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात असतो आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती कागदावर उतरवून घरात सुरक्षित ठेवावी. ती केवळ त्याच संगणकात ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली कुलूप लावलेल्या पेटीत ठेवण्यासारखे आहे.

चौथे काम, आपल्या लिखाणाची वेगळी प्रत ठेवण्याचे. ती प्रत अधूनमधून उघडूनही पाहावी. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच होय.

संगणक सुरूच होत नसेल, तर घाबरून जाऊ नये. प्रारंभाचे प्रयत्न लागोपाठ फसले, की विंडोज १० व ११ मध्ये दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. तेथे 'ट्रबलशूट', त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि त्यात 'सिस्टिम रिस्टोअर' असा मार्ग आहे. एरवी केलेली पुनःस्थापना, चूक वाटल्यास, उलटवता येते. परंतु सेफ मोडमधून किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून केलेली पुनःस्थापना तशी उलटवता येत नाही. तेव्हा बिंदू नीट पाहून निवडावा. यंत्र काम करीत असता ते मध्येच बंद करू नये.

त्या घरी अखेर हाच मार्ग धरण्यात आला. सुदैवाने सिस्टिम रिस्टोअर चालू होते आणि यादीत आदल्या सायंकाळचा, नवा प्रोग्राम बसवण्यापूर्वीचा बिंदू होता. तरुणाने तो निवडला. अर्धा तास पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले. मग यंत्र पुन्हा सुरू झाले आणि नेहमीचा पडदा दिसू लागला. विषाणूरोधक प्रोग्राम नाहीसा झाला होता. अहवालाची फाइल आपल्या जागी होती आणि तिच्यावर रात्रीची, दहाला आठ मिनिटे कमी असतानाची, वेळ होती. मुलीने अकराही पाने उघडून पाहिली. नंतर तिने त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, ती दप्तरात ठेवली आणि मगच ती न्याहारीस उठली.